मुरारच्या मेसमधला पांढरा कमोड

अन्याय झाला तो गेंदालाल सफाईवाल्यावर. ग्वाल्हेर रियासतीची फौज भारतीय सेनेत विलीन व्हायची होती, त्याच्या आदल्या सकाळी, इन्स्पेक्शन पार्टीच्या गाड्या मुरार छावणीच्या गेटवर लागल्या तेव्हा.

मी लान्स नायक होतो, ऑफिसर्स मेसवर गार्ड ड्यूटीला. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात. पलटणीतलं कोण राहणार आणि कोण घरी जाणार, हे ठरवायला ब्रिगेडियर येणार होता. त्यामुळे आठवडाभर एकच काम: पितळ घासा, चुना मारा, बूट चमकवा. आम्ही थकलो होतो. सगळेच थकले होते.

मेसमध्ये एकच इंग्लिश कमोड. विहिरीच्या जड पाण्याने त्यात पिवळा-तपकिरी थर धरला होता, दगडासारखा. विटेची पूड लावून गेंदालालने घासघास घासलं. डाग तसाच.

“साहब इसमें बैठेंगे कि मुँह देखेंगे?” तो म्हणाला.

आमचे सुभेदार जाधव हसले नाहीत. “गेंदा, तेजाब डाल. रियासतीत असंच होत आलंय.”

थोड्या वेळाने नव्या सेनेचा हायजीन हवालदार सूरत सिंग आला. “ब्लीचिंग पाउडर डालो. नया ऑर्डर है.”

दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. एक जाणारा, एक येणारा. तेजाब, म्हणजे ॲसिड, एकट्याने थर उतरवतं, पावडर एकटी जंतू मारते. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. हे मला नंतर डॉक्टरने सांगितलं. त्या दोघांपैकी कुणीही गेंदालालला सांगितलं नव्हतं.

“एक फौज का तेजाब, एक फौज का पाउडर,” तो पुडी दाखवत मला म्हणाला. “हुकम दोनों का.”

तेवढ्यात मेसचा फोन वाजला. गाड्या गेटवर आल्या होत्या. सुभेदारांनी तिसरा हुकूम दिला: “दार-खिडकी बंद करून काम उरक. पाहुण्यांना वास नको.”

गेंदालालने दोन्ही घेऊन आतून दार लोटलं. थोड्या वेळाने बादली पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं. हिरवट-पिवळा धूर, घशात सुया. गेंदालाल उंबऱ्याशी पालथा पडला होता. ओढून व्हरांड्यात आणला. खोकता खोकता तो निळा पडत होता. मी मिलिटरी हॉस्पिटलला फोन लावला.

“ॲम्ब्युलन्स चाहिए. मेस.”

“मरीज कौन सी यूनिट का?”

“रियासत की फौज.”

“वो तो कल टूट रही है. इंडियन आर्मी का नंबर बोलो.”

“नंबर नहीं है. सफाईवाला है.”

“तो सिविल ले जाओ.”

टांग्यातून नेला. दुसऱ्या दिवशी तो गेला. तोवर जुनी फौज उरली नव्हती, आणि नव्या फौजेत त्याची भरती झालेली नव्हती. त्याची बायको रामकली भरपाई मागायला दोन्ही ऑफिसांत गेली. एकाने म्हटलं, आमची पलटण संपली. दुसऱ्याने म्हटलं, हा आमचा माणूसच नाही.

ब्रिगेडियरने बाहेर झाडाखाली चहा घेतला. त्या दाराकडे तो फिरकलाही नाही. कमोड मात्र पांढराशुभ्र झाला होता.

पुढे कपातीत मीही घरी आलो. माझ्या हातात निदान डिस्चार्जचा कागद आहे.

दरवर्षी पलटणीच्या दिवशी मुरारला पलटणीतल्या मृतांची नावं वाचतात. गेंदालालचं वाचत नाहीत. म्हणतात, तो लढवय्या नव्हता. हुकूम मिळाला, त्याने मानला, त्यातच मेला. आणखी काय करतो शिपाई?

लष्करच्या मराठी मंडळींनो, आज घरी जा आणि तुमचा संडास धुणाऱ्याला सांगा: तेजाब आणि ब्लीचिंग एकत्र नको, खिडकी उघडी ठेव. आणि यंदा नावं वाचून झाली की खाली बसू नका. मोठ्याने म्हणा, “गेंदालाल, सफाईवाला.” वाचणारा ते नाव वाचेपर्यंत उभे राहा.