काळीज ऐकणाऱ्या शेख मॅडम

शिरूरच्या शेख मॅडम रडणाऱ्या बाळाला तपासतच नसत. आईला म्हणायच्या, "आधी पाज त्याला. पोर दूध पीत असलं की काळीज खरं बोलतं." मग छातीला नळी लावून डोळे मिटून बसायच्या. बाहेर गर्दी वाढो, कंपाउंडर दारात कितीही खाकरो, बाई आपल्या ढिम्म. पहिल्यांदा मला वाटलं, यांचा डोळा लागला! आता त्या दवाखाना बंद करून दौंडला लेकीकडे राहतात. मला त्यांची फार आठवण येते.

माझी लेक तेव्हा दीड महिन्याची. वडगाव रासाईहून आम्ही साध्या सर्दीसाठी गेलो होतो. ती पीत होती, मॅडम ऐकत होत्या. ठोक्यांत काहीतरी वेगळं ऐकू येतंय, म्हणाल्या. मग त्यांनी तिला खिडकीशी नेलं, अंगावर कुठे फिकट डाग आहेत का ते निरखलं आणि पुण्याला इको करायला चिठ्ठी दिली. हृदयाच्या त्या सोनोग्राफीत दोन गाठी निघाल्या; अशा गाठींसोबत कधी कधी असतात ते डाग मात्र नव्हते.

सासूबाईंनी ठरलेलं बारसंच पुढे ढकललं. पुढच्या खेपेला मॅडमनी फाईलवर माझ्याच नावानं लिहिलेलं पाहिलं. "अजून 'सविताची मुलगी'च? आक्का, नाव का न्हाई ठिवलं?"

"नाव ठिवलं की माया लागती, बाई."

"आन् आत्ता लागली न्हाई व्हय? मघापासनं मांडीवरनं खाली ठिवली न्हाई तिला!"

सासूबाईंनी तिला आणखी जवळ ओढलं. मॅडमनी कागदावर हृदय काढलं. "या जातीच्या गाठी बऱ्याचदा आपोआप जिरत्यात. रक्ताची वाट अडत न्हाई तवर चाकू लावायचा न्हाई. लक्ष ठिवायचं, बास."

रविवारी बारसं झालं. मॅडम स्वतः आल्या, पाळण्याची दोरी ओढली, घुगऱ्या दोनदा मागून खाल्ल्या. नाव ठेवलं जुई.

पुढे दर इकोला वाटाण्याएवढ्या गाठी लहान होत गेल्या. मॅडम इतक्या निवांत असायच्या, की त्यांच्या चेहऱ्याच्या भरवशावर मला झोप लागायची.

जुई दोन वर्षांची झाली आणि इकोत एकही गाठ दिसली नाही. मी पेढे घेऊन धावले. मॅडमनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

"मॅडम, काय वाईट हाय का?"

"न्हाई गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोन वर्षं लई भ्याले हुते मी. आज सांगते."