हळदीच्या जात्यावर व्हायोलिनं

एका नवरीच्या आत्याबाईंमुळे मी कोपरगावात टिकलो, हे आधी सांगतो. नाहीतर सहावीत शाळा सोडून रत्नागिरीकडून इतक्या लांब आलेला मी त्या नवरीच्या हळदीदिवशीच परतीच्या एसटीत बसलो असतो.

लाउडस्पीकरचे कर्णे भाड्याने देणाऱ्या मालकाकडे मी तबकड्या वाजवायचं मशीन सांभाळायचो. जेवण, झोपायची जागा, सगळं त्याच्याकडेच. त्या हळदीला त्याने पुण्याहून आणलेली नवी मोठी तबकडी माझ्या हातात दिली. जात्यावरच्या ओव्या, पण मागे अख्खा वाद्यवृंद.

"पूर्ण वाजव. मधे हात लावलास तर गावाकडची गाडी धर."

मांडवात बायका हळद दळायला बसल्या आणि मी सुई ठेवली. आधी नुसती व्हायोलिनं. संपतच ना. मग गाणारीचा तो घासूनपुसून लख्ख केलेला गळा! एक ओळ म्हणायची आणि शेवटचं अक्षर धरून बसायची. खुंट्यावरचे हात तिच्यासाठी थांबायचे, जातंही थांबायचं. मग एकदम पितळी बाजा उसळला. बायकांनी जातं पळवलं, आणि हळद भरडच बाहेर पडायला लागली.

"ही बया दळती का पेंगती?" एक म्हातारी म्हणाली.

"तिला काय, तिचं पीठ गिरणीतनं येतं!"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझी आई अशाच ओव्यांवर नाचणी दळायची. तिच्या अंगावर कुणी बँडवाल्याचा कोट चढवलाय असं वाटलं. बासरीचा एक तुकडा तेवढा बरा होता. बाकी सगळ्याचा राग आला, पण हात सुईकडे जाईना.

आत्याबाई ओरडल्या, "ए कोकण्या, बंद कर की त्ये! हळद लागायची कवा?"

"मालक हाकलतील, आत्याबाई."

"कर तू. मी बघते त्याच्याकडं."

केली बंद. त्यांनी ओवी धरली, जातं सरळ फिरायला लागलं. तेवढ्यात मालक तणतणत आला.

"कुणाला विचारून बंद केलं रे?"

आत्याबाईंनी खुंटा सोडला नाही. "म्या करायला लावलं. त्याला कशापायी बोलता? आन् फुडची लग्नं बी आमच्याच भावकीत हायेत, ध्यानात ठेवा."

मालक आला तसा मागे फिरला. मी राहिलो.

आत्याबाईंची धाकटी लेक अजून शाळेत जाते. तिच्या लग्नात कर्णे मीच बांधीन, आणि जातं फिरेल तेवढा वेळ ते बंद ठेवून मशीनपाशी बसून राहीन.