साडूने निवडलेला कूलर

फ्रिजवाल्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं, तापलेलं गार करायचं. घरचे फ्रिज, दुकानांतल्या बर्फाच्या पेट्या, दवाखान्यातलं औषधं ठेवायचं थंड कपाट, काहीही बिघडलं की बोलावणं त्यांनाच. ते आधी हत्यारं काढत नसत. मागच्या नळीवर हात ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि दुखणं सांगून मोकळे व्हायचे. यांच्या हातातच थर्मामीटर आहे, असं लोक म्हणत, आणि फ्रिजवाले ते फारसं नाकारत नसत.

अशा माणसाच्या लेकीने गेम खेळायला घरीच कॉम्प्युटर जोडायला घेतला आणि प्रोसेसर गार ठेवायला कूलर कोणता घ्यावा, हे विचारलं कोणाला, तर मावशीच्या नवऱ्याला. म्हणजे फ्रिजवाल्यांच्या साडूला! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

साडू विमा कचेरीत टेबलामागे बसणारा. त्याच्या हातात कोणी कधी पेचकस पाहिला नव्हता. पण त्याच्याकडे एका बाजूने काचेचा कॉम्प्युटर होता, त्यात पाण्यावर चालणारा कूलर होता आणि निळे दिवे होते. कोणी घरी गेलं की आधी दिवे लागत, मग चहा येई. परत येताना बायको हटकून म्हणायची की भाऊजींना सगळ्यातलं कळतं. हे वाक्य फ्रिजवाले लग्न झाल्यापासून ऐकत होते, आणि दर वेळी त्यांच्या पोटात दुखायचं. बाकी सगळं त्यांनी साडूला देऊन टाकलं होतं. पण थंडाव्याच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द आपला, एवढीच त्यांची इस्टेट होती, आणि आता लेकीने तीही साडूच्या नावावर केली.

खरी गंमत पुढेच. साडूने सुचवला तो साधा हवेवरचा कूलर. खाली तांब्याच्या नळ्या, वर पत्र्यांचा मनोरा, दोन बाजूंना दोन पंखे. पाणी आलं की आज ना उद्या गळती आली, असं फ्रिजवाले जन्मभर सांगत आले होते, म्हणजे त्यांनीही हाच निवडला असता. पण साडूने निवडला म्हटल्यावर तो चांगला कसा असेल? जेवताना त्यांनी पाण्याच्या कूलरची अशी काही बाजू घेतली की लेक बघतच राहिली. मग तिने साडूचंच ऐकलं. त्यानंतर पंधरा दिवस फ्रिजवाले घरात हो आणि नाही एवढंच बोलत होते.

रविवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. गेम चालू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच पंखे किंचाळायला लागले आणि पडदा काळा पडला. तीनदा तसंच झालं. प्रोसेसर तापतोय, असं लेक रडवेल्या आवाजात म्हणाली. फ्रिजवाल्यांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही. साडूला फोनवर काय ऐकवायचं, ते खोलीत जाईपर्यंत मनात तयारही झालं.

त्यांनी नळ्यांवर हात ठेवला आणि डोळे मिटले. नळ्या थंडगार होत्या. प्रोसेसर भाजतोय आणि त्याला चिकटलेली नळी गार, म्हणजे उष्णता नळीपर्यंत पोचतच नाही. कूलर सोडवून उपडा करून पाहिला, तर बुडाला प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच होता. बसवण्याआधी काढून टाका, असं त्याच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

"वा," फ्रिजवाले म्हणाले. "हे काकांनीच बसवलं असेल."

"नाही, मी बसवलं." लेकीने मान खाली घातली. "काका म्हणाले होते, कोणता घ्यायचा ते मी सांगतो, पण बसवताना बाबांना हाक मार. त्यांना हाताने कळतं ते मला वाचूनही कळत नाही."

"मग मारायची ना हाक."

"कशी मारणार? पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलत होतात का?"

फ्रिजवाल्यांना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी पापुद्रा सोलला, बूड फडक्याने पुसलं, लेकीच्या हातून उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावून घेतली आणि चारही स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे करत तिलाच आवळायला लावले. गेम सुरू झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नळी हळूहळू कोमट झाली. पंखे आपले शांतपणे फिरत राहिले.

काम सुरळीत झालं तरी फ्रिजवाल्यांचं काही सुरळीत होईना. आजवर साडूच्या कॉम्प्युटरचा हेवा वाटायचा, त्याच्या दिव्यांचा, बोलण्याचा वाटायचा. आता त्याने पाठीमागे आपला मान ठेवला, याचाही वाटायला लागला. हे आपल्याला त्याच्याबद्दल कधी जमलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काकांना कळवू, चालू झाला म्हणून?" लेकीने फोन हातात घेत विचारलं.

"कळव," फ्रिजवाले म्हणाले. "कूलर चांगला निवडला म्हणावं."

ती नंबर लावेपर्यंत ते दारापर्यंत गेले, आणि तिथून परत फिरले.

"आणि पापुद्रा कोणी शोधला, तेही सांग."