कानातला फाया

अमरावतीच्या कापूसबाजारात मी मापारी होतो, तेव्हा ती शेठजींच्या ढिगापाशी कापसातला काडीकचरा वेचत बसे. महारवाड्यातली होती, एवढंच ठाऊक. तहान लागली की ती ओंजळ पुढे करी आणि नोकर शिंतोडाही उडू नये म्हणून हात उंच धरून पाणी ओती. शेठजी मात्र तिनेच निवडलेला कापूस चिमटीत घेत, अत्तरात बुडवत आणि त्याचा फाया कानात खोचत. तो कसा चालायचा, देव जाणे!

अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस थांबला म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता. एक दिवस खबर आली, लढाई संपली, तिथले कापूस वेचणारे गुलाम सुटले. भाव कोसळणार म्हणून बाजारभर सुतक! शेठजी म्हणाले, "अजून दोन सालं लढले असते तं काय बिघडलं असतं?" माणसं सुटली म्हणून हळहळणारी ही माणसं!

तिने वेचता वेचताच मला विचारलं, "बापू, ते सुटले म्हंता. मंग आता त्याह्यच्या हाती लोटा देते लोकं, का वरूनच पानी ओतते?"

मी शेठजींकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. कानात तिच्याच हातचा कापूस होता.