पेन्सिलीवर शाई: कोल्हापूर, पन्हाळा, हुपरी

ब्लॉगवर एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, नोकरी सांभाळून एवढं फिरणं कसं जमतं तुम्हाला?’ उत्तर सोपं आहे. परीक्षक व्हा. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा बाहेरगावच्या केंद्रांत तिथल्या सहाय्यकांचं मूल्यमापन करायला जाते. सहाय्यक म्हणजे आम्ही ठरवून दिलेला व्यायाम आमच्या देखरेखीखाली पेशंटकडून करून घेणारी माणसं. जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, राहायची सोय होते, काम अर्ध्या दिवसाचं. उरलेल्या दीड दिवसात मी गाव बघते आणि तुम्हाला त्याच्या गमतीजमती सांगते. परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडून कोल्हापूरचं पत्र आलं तेव्हा मी आधी पन्हाळ्याचं हवामान पाहिलं आणि मग तारीख कळवली.

शुक्रवारी दुपारी स्वारगेटहून बस धरली. भाडं पाचशेच्या आसपास, गाडी थंडगार. साताऱ्यापुढे रस्त्याचं काम चालूच आहे आणि दर दोन मैलांवर गाडी बाजूच्या कच्च्या रस्त्यावर उतरते, तेव्हा पाच तासांचे सहा-साडेसहा धरून चला. शेजारच्या काकांनी कराडपासून चौकशी आरंभली. “काय पावणं, कुठं निघालासा? कोल्लापूर? कोन हाय तिथं?” परीक्षा घ्यायला चाललेय म्हटल्यावर त्यांनी मला खिडकीची जागा देऊ केली. मीही लगेच घेतली.

शनिवारी सकाळी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड देतात, हे ठाऊक असू द्या. मी मध्यम तिखट मागितली. मालक म्हणाले, “मग दही बी घ्या. हितलं मध्यम तुमास्नी झेपायचं न्हाय.” घेतलं आणि वाचले.

केंद्र खासगी, तिथून चालत दहा मिनिटांवर. तिथले मुख्य थेरपिस्ट मोहिते सर दारातच उभे होते. हसतमुख, अघळपघळ माणूस. चहा आला, बिस्किटं आली आणि चार सहाय्यकांचे चार फॉर्म आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतक्या वर्षांत या ब्लॉगवर कधी लिहिली नाही. फॉर्मवर दहा-बारा कौशल्यं छापलेली असतात. पेशंटशी बोलणं, उचलताना घेतलेली काळजी, नोंदी, सूचना पाळणं, काही बिघडलं तर थांबणं आणि कळवणं. शेवटी एक चौकट: पात्र किंवा अपात्र. ही चौकट बाहेरच्या परीक्षकाने समोर काम बघून भरायची असते. प्रत्यक्षात केंद्रातले सर आदल्या दिवशीच सगळं पेन्सिलीने भरून ठेवतात, अगदी फिकं. परीक्षक त्यावर शाईचं पेन फिरवतो. काही गावांत मग काम बघतात, काही ठिकाणी तेही नाही. याला आमच्यात ‘मदत’ म्हणतात. पहिल्या वर्षी मला ते खटकलं होतं, दुसऱ्या वर्षापासून सोयीचं वाटायला लागलं.

“आधी कागद उरकून टाकू,” मोहिते सर म्हणाले. “मग निवांत राउंड घेऊ आणि जेवून थेट पन्हाळा. गाडी सांगून ठेवलीय.”

मी पेन काढलं. तीन फॉर्मवर पात्र. चौथा सारिकाचा. ‘सूचना पाळत नाही. उलट बोलते. अपात्र.’ सर म्हणाले, ही तिसरी खेप. पात्र ठरली असती तर तिला ठरवून दिलेला व्यायाम घरोघर जाऊन एकटीने करून घेता आला असता. तिसऱ्यांदा अपात्र म्हणजे केंद्राच्या नियमाने व्यायामाचं काम बंद; मग चादरी बदला आणि खुर्च्या ढकला. हे सगळं ऐकून मी पेन्सिलीवरून पेन फिरवलं आणि खाली सही ठोकली. तिला मी अजून पाहिलंही नव्हतं.

राउंडमध्ये पहिले तिघे जेमतेमच होते. एकाला तर पट्टा कमरेला बांधून पेशंट उभा करतात हेच आठवेना. त्याचा फॉर्म ‘पात्र’ म्हणून फाइलमध्ये जाऊन बसला होता.

मग सारिका. तिशीची, बारीक चणीची. तिच्यासमोर गडमुडशिंगीचे एक आजोबा, खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा आठवडा. कागदावर लिहिलेलं: पोटरीला मालिश, ताण, मग चालवणं. तिने हात धुतले, आजोबांचं धोतर नीट सारलं आणि तळहाताऐवजी हाताची पालथी बाजू आधी एका पोटरीला लावली, मग दुसरीला. टेप काढून दोन्ही पाय मोजले आणि आकडे वहीत लिहिले. मग मागे सरकून उभी राहिली.

“सर, उजवी पोटरी गरम लागत्या. सुजल्या बी. मी मालिश करणार न्हाय.”

“सारिका, कागदावर काय लिवलंय? तेवढं कर.”

“कागद सोमवारचा हाय सर. पाय आजचा हाय.”

“बघितलंसा?” सर माझ्याकडे वळून हसले.

“तुमीच एकदा हात लावून बघा की!” ती चांगली मोठ्याने म्हणाली. इथे सगळेच मोठ्याने बोलतात, पण सरांचा चेहरा पडला.

“आगं पोरी, सकाळधरनं सांगतोय दुखतंय म्हणून, कोन ऐकतंय हितं,” आजोबा म्हणाले.

हात मी लावला. पोटरी तापलेली होती, दाबल्यावर आजोबा कळवळले. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की असं होतं. तशा पायाला मालिश केलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. मी आजोबांना लगेच तपासणीला पाठवायला सांगितलं. सहाय्यकाने यापेक्षा अचूक काही करायचं नसतं. तिने उपचार स्वतःच्या मनाने बदलला नाही. थांबली, मोजलं, लिहिलं, कळवलं. विद्यार्थ्यांना हे शिकवताना माझा घसा बसतो.

मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, चौथा फॉर्म बदलायचा आहे. फॉर्मच्या तळाशी छापलेलं आहे: खाडाखोड केल्यास दोघांच्याही सह्या हव्यात.

“मॅडम, तुमच्यादेखत उलट बोलली का न्हाय?” ते शांतपणे म्हणाले. “मग मी लिवलं ते खरंच की. आणि तुमची सही झाल्या. सही करताना वाचलंच असंल तुमी.”

मला भांडता आलं असतं. नवा फॉर्म मागता आला असता. पण मग मी न बघता सही केल्याचं चारचौघांत निघालं असतं, आणि दारात गाडी उभी होती. हो, मी पन्हाळ्याला गेले. अंबरखाना बघा, सज्जा कोठी बघा, तटावर वारा छान असतो, झुणका-भाकर आणि ठेचा गरम मिळतो. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मला त्यांची चव आठवत नाही.

केंद्रातून निघताना सारिकाने गाठलं होतं. “मॅडम, पैंजण घ्यायचं म्हनत हुतासा न्हवं? हुपरीला या की उद्या. आमच्या घरातच करत्यात.” सकाळी चहाच्या वेळी कुणाला तरी नातीच्या पैंजणांबद्दल विचारलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी बस उचगाव, गडमुडशिंगी करत पाऊण तासात हुपरीत पोचली. इथे चांदीचं काम दुकानात नाही, घराघरात चालतं. ओसरीवर बसून बायका कड्या जोडत असतात. घेणार असाल तर वजन समोर करून घ्या. सारिकाची आई जाळावर जोड बसवत होती. सारिकाने नुकताच झालेला एक पैंजण उचलण्याआधी हाताची पालथी बाजू त्याच्याजवळ नेली, निवलाय का बघायला. तळहात घट्टे पडून बधिर होतो म्हणाली, पालथ्या हाताला बरोबर कळतं. लहानपणापासूनची सवय.

तेवढ्यात मोहिते सरांचा मेसेज आला. ‘तपासणीत गुठळी निघाली. औषध सुरू. आमच्या केंद्राची दक्षता कामी आली.’ मी तो सारिकाला वाचून दाखवला. तिने डोळे मिटून हात जोडले. “वाचलं म्हातारं!”

“बाहेरचं मानूस येतंय म्हटल्यावर बरं वाटलं बगा,” आई म्हणाली. “हितलं हितं काय खरं न्हाय.”

“मागच्या दोन येळंला परीक्षक केबिनमधनंच परत गेलं,” सारिका म्हणाली. “तुमी सोता बघितलासा. आता मी निवांत झोपतो.” इथल्या बायका पुरुषांसारखं ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात, तशीच ठाम म्हणाली. “जाताना आमच्या आईच्या गुडघ्याला बी बघून जावा.”

खरं काय ते सांगायची वेळ तीच होती. मी आईचा गुडघा तपासला, दोन व्यायाम दाखवले, पैंजणांचे पैसे दिले, चहा घेतला आणि अकराच्या बसने परत फिरले.

पुण्यात आल्यावर मी मंडळाला पत्र लिहिलं. काम बघण्याआधीच सही केली होती, सारिकाचं मूल्यमापन रद्द करावं, पुन्हा घ्यावं. दहा दिवसांनी उत्तर आलं. परीक्षकाची सही अंतिम मानली जाते, सहकार्याबद्दल आभार, पुढील दौऱ्यासाठी सोयीच्या तारखा कळवाव्यात. तारखा मी कळवल्या नाहीत. याने कुणाचं काही भलं झालं असा माझा समज नाही.

त्याच आठवड्यात निकाल लागला आणि सारिकाचा मेसेज आला. ‘मॅडम, सोमवारपासनं चादरीचं काम दिलंय. माझं काय चुकलं तेवढं सांगा. तक्रार न्हाय, फकस्त कळू द्या.’

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. पैंजण अजून डबीतच आहेत, नातीच्या पायात घालायला माझे हात धजत नाहीत. पाचव्या दिवशी लिहिलं: तुझं काहीच चुकलं नाही. सरांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तुला बघायच्या आधीच मी त्यावर शाई फिरवली.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं.

‘पेन्सिलीनं लिवत्यात ते आमाला सगळ्यास्नी ठावं हाय मॅडम. आमाला वाटायचं, बाहेरचं मानूस येऊन ते खोडतंय.’