रोहूला मिशा किती

औरंगाबादेत पैठण गेटच्या आतल्या बाजूला माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. आधी अब्बांचं, मग माझं. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, अब्बा सगळे बोर्ड उर्दूत लिहायचे. नंतर गिऱ्हाइकं मराठी मागायला लागली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर शेजारच्या शिंप्याकडून बाराखडी शिकून घेतली. मला सांगायचे, "बेटा, इस ज़बान के सब हर्फ एक डोरी पे लटकते." दोन्ही लिपींत माझा हात बसला तो त्यांच्यामुळं.

दवाखान्यांचे बोर्ड, सायकलच्या दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचे मोर, असं सगळं मी रंगवलं. मासा मात्र मला एकच येत होता. पोट गुबगुबीत, शेपूट वर, तोंडावर हसू. कुणी खानावळ काढली की बोर्डाच्या एका कोपऱ्यात कोंबडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात हा मासा. न बघता काढू शकत होतो.

जायकवाडीचं धरण भरून तीन-चार वर्षं झाली असतील. एके दुपारी स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले. पन्नाशीचे, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो म्हणाले. चौकातल्या खानावळीच्या बोर्डावरचा मासा बघून ते माझा पत्ता विचारत आले होते. मला वाटलं, तारीफ करायला आले.

"तो मासा तुम्ही काढला?"

"जी, सर."

"कोणता मासा तो?"

मला प्रश्नच कळला नाही. "मासा आहे, सर."

"ते दिसतंय हो. पण कोणता?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "खानावळीचा."

सर इतके हसले की त्यांना रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसावं लागलं. मग चष्मा पुसून त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या प्रयोगशाळेत छापील तक्ते होते, पण सगळे समुद्रातल्या माशांचे. आमच्या पोरांनी समुद्र बघितलेला नाही आणि गोदावरीतला मासा ओळखता येत नाही, हे त्यांना खटकत होतं. त्यांना एक मोठा कापडी तक्ता हवा होता. त्यावर चार मासे: कटला, रोहू, मृगळ आणि रोहूचाच काळा भाऊबंद, ज्याला पुस्तकात कालबासू म्हणतात. चौघं एकाच खानदानातले आणि नेमके म्हणूनच ओळखायला अवघड.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शिपाई काचेच्या चार बरण्या घेऊन आला. आत औषधात बुडवलेले मासे. झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी. मी बरण्या खिडकीत मांडल्या, मांजरपाटाला पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि आठ दिवसांत तक्ता पूर्ण केला. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "पेंटर, नवीन हॉटेल निघायलंय का?"

सर आले, तक्त्यासमोर उभे राहिले.

"छान काढलेत," म्हणाले. "पण एकाच आईची चार लेकरं वाटतात. एकाच दिवशी झालेली."

"बरणीत तशीच दिसतात, सर."

त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. माझं म्हणणं खरं होतं. औषधात राहून चारही मासे भिजल्या कागदासारखे पांढरट झाले होते. सरांनी बरणी खाली ठेवली. "रविवारी पैठणला येता?"

पहाटेच्या एस.टी.नं आम्ही गेलो. धरणाच्या कडेला नावा लागत होत्या, जाळी उपसली जात होती. पैठणला मी आधीही गेलो होतो, पण पाण्यातून नुकताच निघालेला मासा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. मला माझ्या आठ दिवसांच्या कामाची लाज वाटली. रोहूच्या एकेका खवल्यावर तांबूस ठिपका होता, जणू कुणी बारीक ब्रशानं सावकाश एकेक टेकवत गेलंय. मृगळ नव्या पत्र्यासारखा लखलखीत होता आणि त्याच्या खालच्या परांना नारिंगी झाक होती. कटल्याचं डोकं भलंमोठं, तोंड वर उघडणारं, त्यामुळं तो लांबूनही ओळखू येत होता. काळा तर काळाच.

"कटला आणि काळा ओळखायला जमले," सर म्हणाले. "रोहू आणि मृगळ तेवढे पक्के करा. रंगावर जाऊ नका. मेल्यावर रंग उडतो. मग काय बघाल?"

मी खवले बघायचं ठरवलं. बाभळीखाली बसलो, दोन मासे पुढ्यात घेतले आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत मधल्या रेघेवरचे खवले पेन्सिलीच्या टोकानं मोजायला लागलो. शेजारी पाटीत मासे घेऊन एक म्हातारी बसली होती. भोयांपैकी होती, नवरा आणि दोन मुलगे नावेवर. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"काय मोजायलास, भाऊ?"

"खवले, मावशी. याचे एक्केचाळीस भरले."

"अन् त्याचे?"

"बेचाळीस."

"मग? कळलं का काही?"

"नाही."

तिनं रोहू उचलला, त्याच्या तोंडात करंगळी घातली आणि खालचा ओठ बाहेर ओढून दाखवला. ओठाच्या कडेला बारीक झालर होती. मग मृगळाचा ओठ ओढला. तो पातळ, साधा, कापडाची कड नुसती कापून सोडावी तसा.

"याला झालर हाय, त्याला नाय. अंधारात बी कळतंय. खवले मोजत बसलास तर मासा नासंल."

मी सरांकडं बघितलं. सरांना हे आधीपासून ठाऊक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "मी सांगितलं असतं तर तुम्ही लिहून घेतलं असतं आणि विसरला असता," ते म्हणाले.

पण तिथं बसून सरांनी आणखी एक गोष्ट केली. म्हातारीच्या पाटीत बोटभर लांबीच्या माशांचा ढीग होता. ती त्या सगळ्यांना खवल्या म्हणायची. सर धोतर नेसल्यासारखे मांडी घालून बसले, पँटला चिखल लागला तरी उठले नाहीत, आणि त्या एका ढिगाचे तीन ढीग केले. याच्या शेपटीजवळ काळा ठिपका, त्याच्या नाही, याच्या पाठीवरच्या पराचा काटा करवतीसारखा. म्हातारीनं वाकून तिन्ही ढीग निरखले. तिला फरक दिसला, मान डोलवली तिनं. मग तिन्ही ढीग हातानं पुन्हा एकत्र करत म्हणाली, "तीन असू द्या की, सर. कढई एकच हाय."

परतताना बर्फ आणि ओलं गोणपाट गुंडाळलेला रोहू माझ्या मांडीवर होता. कंडक्टर आला आणि नाकाला हात लावून उभा राहिला.

"हे टपावर ठेवा."

"टपावर ऊन लागंल, मास्तर. रंग उडंल."

"कुणाचा रंग?"

"माशाचा. चित्र काढायचंय त्याचं."

कंडक्टरनं सरांकडं बघितलं. सरांनी गंभीरपणे मान हलवली. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि मागं जाता जाता कुणाला तरी म्हणाला, "फोटो काढायला घेऊन चाललेत त्याला." औरंगाबाद येईपर्यंत मागच्या बाकांवर हसू चालू होतं.

तक्ता मी कोऱ्या कापडावर पुन्हा सुरू केला. मग दर रविवारी असंच चाललं. एका रविवारी एक मासा. घरी आल्या आल्या मी दुकान उघडायचो, मासा ओल्या फडक्यावर ठेवायचो आणि रंग उडायच्या आत रंग पकडायला बघायचो. दुकानामागंच आमचं घर होतं. बायको दारात येऊन उभी राहायची. मसाला वाटून तयार असायचा.

"हुआ क्या?"

"अभी शेपटी बाकी है."

"शेपटी मैं छोड़ देतूँ. बाकी का देव."

शेपटी तोडून बाकीचा मासा तिला देणं मला जमणारं नव्हतं आणि वाट बघणं तिला. शेवटी ठरलं, की तिनं दुपारच्या, जोहरच्या अजानपर्यंत थांबायचं. मला तेवढ्यात जे जमेल ते. त्या घाईचा फायदाच झाला. बोर्ड लिहिताना मी हळूहळू घोटून काम करायचो, इथं हात आपोआप वेगानं चालायला लागला. महिन्याभरात बायकोलाही चौघांची ओळख पटली. एकदा माशांच्या बाजारात विक्रेता मृगळ रोहू म्हणून तिच्या गळ्यात मारत होता, तर तिनं सरळ माशाचा ओठ ओढून दाखवला. घरी येऊन हे तिनं मला तीनदा सांगितलं.

पहिल्या रविवारचा रोहू मी नुसता सरावाला काढला होता. तक्त्यावरचा रोहू मी सगळ्यात शेवटी काढला, कारण तो सगळ्यात चांगला व्हावा असं मनात होतं. त्या रविवारी मिळालेला मासा थोराड होता. त्याचं तोंड काढताना मला बारीक मिशा दिसल्या. दोन ओठाच्या कोपऱ्यातल्या खाचेत लपलेल्या आणि दोन वर, नाकाजवळ थुतरीवर, केसाएवढ्या. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि चारही काढल्या. त्या मिशांवर मी इतका खूश होतो की दुकानात येईल त्याला दाखवायचो.

सरांनाही तक्ता आवडला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर, फळ्याच्या उजव्या हाताला, वर-खाली लाकडी दांड्या लावून तो टांगला. चारही नावं मी मराठीत लिहिली आणि खाली एका कोपऱ्यात, अगदी बारीक, उर्दूत माझी सही केली. सरांनी ती बघितली आणि म्हणाले, "राहू द्या."

पाच-सहा महिन्यांनी त्यांचा शिपाई पुन्हा दुकानात आला. "पेंटर, सरांनी बोलावलंय. ब्रश घेऊन या म्हणाले."

मी गेलो तेव्हा वर्ग चालू होता. पंधरा-वीस मुलं-मुली टेबलांभोवती उभी, प्रत्येकाच्या पुढ्यात पत्र्याचा ट्रे आणि त्यात मासा. सर म्हणाले, "हिचं ऐका जरा," आणि एका मुलीकडं बोट केलं. दोन वेण्या, अंगावर ॲप्रन. फुलंब्रीहून रोज एस.टी.नं ये-जा करणारी. ती घाबरली होती, पण मागं हटली नाही.

"काका, तक्त्यावरच्या रोहूला चार मिशा आहेत. माझ्या रोहूला दोनच आहेत. मी सगळ्यांच्या ट्रेमध्ये बघितलं. सगळ्यांना दोनच आहेत. चार फक्त काळ्याला आहेत."

माझे कान तापले. वीस वर्षांच्या धंद्यात माझं अक्षर चुकलं असं कुणी म्हणालं नव्हतं. "मी बघून काढल्या आहेत, बेटा," मी म्हणालो. "मनानं नाही काढल्या."

"पण दोनच आहेत," ती हळू आवाजात म्हणाली आणि ट्रे पुढं सरकवला.

मी वाकून बघितलं. चष्मा लावून बघितलं. दोनच होत्या. शेजारच्या ट्रेमध्ये बघितलं, तिथंही दोन. मी खोटं काढलं नव्हतं आणि पोरगीही खरं बोलत होती.

सरांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि दोनदा वाचून खात्री करून घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोघंही बरोबर आहेत. रोहूला बहुतेक वेळा दोन मिशा असतात. एखाद्याला वरच्या दोन जास्तीच्या असतात. पेंटरांच्या हाती तसा एखादा आला."

मला एकदम हलकं वाटलं. "मग राहू द्यायच्या ना, सर?"

"तिथंच पंचाईत आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्या एका माशाची तसबीर काढलीत. उत्तम काढलीत. पण या पोरांना तक्ता बघून दहा रोहू ओळखायचेत. त्यातल्या नऊ जणांना या मिशा नाहीत. आणि चार मिशा बघून पोरं काळ्यात नि रोहूत घोळ घालतील."

मी तक्त्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं मी उलट करत आलो होतो. माझा खानावळीचा मासा कोणत्याच माशासारखा नव्हता. हा रोहू एकाच माशासारखा होता. सरांना पाहिजे होता तो या दोहोंच्या मधला कुठला तरी.

शिपायानं शिडी आणली. मी वर चढलो, डबीतून पांढरा रंग घेतला आणि वरच्या दोन मिशा पुसल्या. जिवावर आलं होतं. खाली सगळा वर्ग मान वर करून बघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "न्हाव्याला बोलवायचं होतं," आणि सरसुद्धा हसले.

मी खाली उतरलो, ब्रश पुसला, तर ती मुलगी समोर उभी. हातात प्रॅक्टिकलची वही.

"काका, तुम्ही बघितलेला तो मासा मला दाखवाल का? कुठं होत्या वरच्या मिशा?"

मासा आता कुठून दाखवणार. मी तिची पेन्सिल मागून घेतली. तिनं वहीचं कोरं पान उघडून दिलं. मी स्टुलावर बसलो आणि तो रविवारचा रोहू आठवून आठवून काढला. नुसतं डोकं. खालचा झालरीचा ओठ, खाचेतल्या दोन मिशा, थुतरीवरच्या दोन. बाकीची पोरं हळूहळू भोवती जमली. मागून दिसत नव्हतं म्हणून एक दोघं बाकावर चढली. चित्र झालं तेव्हा तिनं विचारलं, "नाव काय लिहू?"

"रोहूच," सर म्हणाले. "आणि कंसात लिही, पैठण."

तिनं लिहिलं. सरांनी तिच्याकडून वही घेतली, चित्राखाली तांबड्या शाईनं सही केली, आणि मग पेन माझ्यापुढं धरून म्हणाले, "तुम्हीही करा. उर्दूत केलीत तरी चालेल."