समितीत मी एकटी तिघांच्या जागी

गावात इंटरनेट आलं ते खताच्या दुकानात. सरकारी योजनेतून मिळालेल्या इंटरनेट केंद्राचा संगणक दुकानदाराने गल्ल्याशेजारी मांडला. समोरच्या बाकड्यावर माणसं दिवसभर तंबाखू मळत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना न्याहाळायची. तिथं कोणती मुलगी पाय ठेवणार? माझ्या धाकट्या बहिणीला संगणक शिकायचा होता. दादा, म्हणजे आमचे वडील, एकच सांगायचे, "शाळंत आलं तर जाय. दुकानावर न्हाई." ती रोज विचारायची आणि माझं डोकं रोज तडकायचं.

मग वरून आदेश आला, केंद्राच्या कामाचा आढावा घ्यायला समिती नेमा, गावातल्या सगळ्या घटकांना जागा द्या. केंद्र दुकानात ठेवायचं की शाळेच्या रिकाम्या खोलीत हलवायचं, हे तीच समिती ठरवणार होती. त्यात माझं नाव आलं. बैठकीचा दिवस उजाडेपर्यंत मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. आईने दोनदा विचारलं, मुंग्या चावून राहिल्या का.

ग्रामपंचायतीत शिरले तर सगळ्या खुर्च्यांवर बाजारपेठेतली मंडळी. मेंढपाळ मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले, म्हणून त्यांच्या वतीने बकऱ्यांचा व्यापारी बसला होता. मेंढरांचं त्याला बराबर कळतं म्हणे. कळणारच, खाटकाकडे तोच नेतो.

मी अध्यक्षांना विचारलं, "महिलांच्या जागेवर कोण आहे?"

"तुमीच की, ताई."

"आणि आमच्या बौद्धवस्तीच्या?"

"ते बी तुमी. तरुणांच्या जागेवर बी तुमीच. एका माणसात तिन्ही घटक बसले, काय तकलीफ हाय?" ते कौतुकाने बोलत होते. मनात काळंबेरं नव्हतं, याचीच मला जास्त चीड आली. वाचलेल्या दोन खुर्च्या दुकानदाराच्या भावाला आणि मेव्हण्याला मिळाल्या होत्या.

बोलू दिलं, भरपूर बोलू दिलं. मी बाकड्याचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, बसवेना म्हणून उभी राहून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला. मग हात वर करायला सांगितले. शाळेच्या बाजूने माझ्या एकटीचा हात वर गेला.

"मी तिघांच्या जागी आहे ना? मग माझी मतं तीन धरा," मी म्हणाले.

हशा पिकला. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "माणूस एक, मत एक. कायदा हाय तो."

बाहेर बहीण वाट पाहत उभी होती. नवी वही छातीशी धरून आली होती. दुकानातच राहणार, एवढंच मी सांगितलं आणि भराभरा चालू लागले. ती मागून पळत आली.

"काहून गं अक्का? आपल्याकडून कोणीच नव्हतं का आत?"